उत्तर: 'सोपा' ट्रेल झेपला नाही, पुढचा कसा निवडू?

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. रोज सात-आठ किलोमीटर सपाटीवर चालता, बारा किलोमीटरचा 'सोपा' लिहिलेला ट्रेल घेतला, चढताना दम लागला ते एक वेळ ठीक, पण उतरताना मांड्या थरथरायला लागल्या, खाली येईस्तोवर अंधार पडला आणि आता विचारताय की माझा फिटनेसच कमी आहे का. नाही हो. तुम्हाला त्या वाटेची अर्धीच माहिती दिली गेली होती. माझ्याबाबतीत डिट्टो हेच झालंय.

बूट, पाणी, टॉर्च वगैरेंवर लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

मी गेलो होतो तिथे एक माहिती केंद्र होतं, नाव घेत नाही. त्यांच्या पत्रकावर प्रत्येक वाटेपुढे तीनच गोष्टी: अंतर, सगळ्यात उंच जागेची उंची आणि सोपा-मध्यम-अवघड. माझ्या वाटेचा माथा सुरुवातीपासून ४०० मीटर वर, म्हणजे कोणीही धरणार की ४०० मीटर चढायचंय. प्रत्यक्षात मध्ये दोन खोल खिंडी, वाट प्रत्येक खिंडीत उतरते आणि पलीकडे परत तेवढंच चढते, सगळे चढ मिळून ९०० मीटरच्या घरात जातात! निघायच्या आधी काउंटरवर मी स्पष्ट विचारलं होतं की माझा गुडघा पूर्वी दुखावलाय, उतार कसा आहे? उत्तर काय, तर "सगळेच जातात". शेवटचा उतार पूर्ण घसारा. गोट्यांएवढे सुटे खडे, पाऊल टेकवलं की वीतभर खाली सरकणार, धरायला काही नाही, टाच रोवून आडवं-आडवं उतरायचं. त्यात गुडघा गेला तो पुढचा अख्खा सीझन घरी. नंतर लेखी विचारलं की ही ग्रेड कोणी, कधी आणि कशावरून ठरवली, तर "आमच्या नोंदीप्रमाणे हा मार्ग सोपा आहे" एवढंच आलं. एकूण चढाचा एक आकडा छापायला काय जातं यांचं? अजूनही संताप होतो, कारण त्याच पत्रकावर भरवसा ठेवून लोक म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जातात.

असो. तर माझं ठाम मत: अंतर नंतर बघा, आधी एकूण चढ. माथा वजा पायथा नाही, मधले सगळे चढ धरून. ट्रेलच्या अ‍ॅपवर उंचीचा आलेख असतो, तो करवतीसारखा वरखाली दिसला की सावध व्हा. आलेख नसेल तर नकाशावर कॉन्टूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजा, जिथे त्या एकमेकींना चिकटल्यात तिथे चढ उभा.

मग वेळ काढा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमचे १२ किलोमीटर आणि समजा ९०० मीटर चढ, म्हणजे जवळपास चार तास. पण हे फिट आणि सवयीच्या माणसासाठी, विश्रांती न धरता. नवीन माणसाने दीडपट धरावं असं मला वाटतं, म्हणजे सहा तास, वर जेवण, फोटो, थांबणं. आता तुम्ही किती वाजता निघालात ते आठवून बघा, अंधार का पडला ते कळेल.

उताराबद्दल कोणी बोलतच नाही. चढताना दम लागतो तो थांबलं की उतरतो, पण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन आवरत असतात, सपाटीवर चालून ती सवय होत नाही. म्हणून थरथर आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना बोंब. यावर उपाय उतरण्याचाच. रोजच्या चालण्यातले दोन दिवस जिन्याला द्या आणि लिफ्टने खाली येऊ नका. (मी डॉक्टर नाही. गुडघा सुजत असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी दाखवून घ्या, इथल्या कुणाच्या सल्ल्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.)

ग्रेड बघायचीच तर ती काय मोजते ते बघा. स्विस अल्पाइन क्लबची टी१ (सगळ्यात सोपी) ते टी६ (सगळ्यात अवघड) श्रेणी आहे, ती वाट तांत्रिकदृष्ट्या किती अवघड ते सांगते, दमछाक किती होईल ते नाही, आणि तीसुद्धा कोरडी वाट आणि चांगली हवा धरून. त्यामुळे टी१ची लांबलचक वाटही पायांचा भुगा करू शकते. उलट छोट्याशा वाटेवर एक दृष्टिभय असलेला, म्हणजे बाजूची खोली बघून पाय लटपटतात असा टप्पा असला आणि तुम्हाला उंचीची भीती असली तर फिटनेस कितीही असो, तिथे अडकायला होतं. रिव्ह्यू वाचताना "मस्त व्ह्यू" वाले सोडून द्या, त्याच महिन्यात गेलेल्यांचे आणि पायाखालच्या वाटेचे फोटो शोधा.

तुमच्यासाठी पुढचा ट्रेल: ८ किलोमीटरच्या आत, एकूण चढ ३०० ते ४०० मीटर, आणि गेलो त्याच वाटेने परत. गोल फिरून येणारा लूप सध्या नको, लूपमध्ये अर्ध्याच्या पुढे गेलात की माघार घेण्यात काही फायदाच उरत नाही. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि ती झाली की फिरा, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. ग्रुपबरोबर जाणार असाल तर सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग धरणारा ग्रुप हवा, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

आणि काउंटरवर "सोपा आहे का" विचारू नका. एकूण चढ किती आणि उतारावर पायाखाली काय, हे दोनच प्रश्न विचारा. "सगळेच जातात" असं उत्तर आलं तर दुसरी वाट घ्या.

मनात कुठला ट्रेल असेल तर नकाशाचा स्क्रीनशॉट टाका, कॉन्टूर नीट दिसतील एवढा झूम करून. रात्री बघून सांगतो.