बरा झालास, आता कागद सांभाळ

नोकरीचा अर्ज आणि लग्नाची बोलणी जरा थांबू देत. आधी लहानपणी तुझ्या कॅन्सरवर जिथे उपचार झाले तिथून उपचारांचा सारांश मिळव. रेकॉर्ड विभागाला केस नंबर दे आणि प्रत्येक औषधाचा एकूण डोस लिहून माग, नुसती नावं पुरत नाहीत. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही कॅन्सरची औषधं मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 250 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं असेल, तर हृदयाला धोका जास्त. ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावाच लागतो. जाळी ओढायच्या किंवा आंब्याच्या पेट्या उचलायच्या कामाला लागण्याआधी तो करून घे. चालताना खुबा दुखत असेल तर स्टेरॉइडचाही परिणाम असू शकतो, अंगावर काढू नकोस.

फाइल माळ्यावर टाकू नकोस रे. आपल्या पावसाळ्यात कागद फुगतात, बुरशी धरते, इकोच्या चकचकीत पट्टीवरची शाई उडते. आजच स्कॅन करून ईमेलवर ठेव.

तपासणीला मुंबईला जाताना रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत सवलत मिळते: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण, सोबत्याला 75 टक्के.

आरोग्य विम्याच्या फॉर्मवर आजार लपवू नकोस. एजंट 'लिहू नका' म्हणाला तरी लिही. आधीच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळण्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिन्यांची, पण लपवलेलं उघडं पडलं तर दावाच बुडतो.

स्थळ पक्कं व्हायच्या आधी समोरच्याला स्वतः सांग. सायक्लोफॉस्फामाइड हे कॅन्सरचं औषध जास्त झालं असेल, तर मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून वीर्यतपासणी करून घे.