स्कॅन केलेला चेहरा बोलायला लागला की मेणाचा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा: अभिनेत्रीचा चेहरा फोटोंवरून स्कॅन करून अनरीअलमध्ये (त्रिमितीय दृश्यं उभी करणारं सॉफ्टवेअर) आणला. स्थिर फ्रेममध्ये ती ओळखू येते, पण मराठी संवाद बोलायला लागली की मेणाची वाटते. व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्ये तर बघवत नाही. ८के टेक्सचर (चेहऱ्यावर चढवायचं जास्त बारीक तपशिलाचं चित्र) घेतलं तर सुटेल का? आणि लघुपटाला नि व्हीआरला एकच मॉडेल चालेल का?

८केवर पैसे घालू नका. आधी मॉडेलचं माप तपासा. फोटोंवरून बनलेल्या मेशला (चेहऱ्याच्या आकाराच्या त्रिमितीय जाळीला) स्वतःचं माप नसतं, आणि अनरीअलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं साधारण २२ युनिट भरायला हवं. ते २.२ भरत असेल तर त्वचेच्या शेडरच्या (उजेडात पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिशेबी तो चेहरा आवळ्याएवढा असतो. उजेड आरपार झिरपतो आणि मेण तयार. स्कॅन करताना बाजूला पट्टी धरा, किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून ठेवा (मोठ्या माणसात ते ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं). शेडरचा प्रीसेट गोऱ्या त्वचेवर बेतलेला असेल तर सावळ्या चेहऱ्यावर कानाच्या पाळ्या लालभडक होतात. तिथला लाल कमी करा, पण चकाकीला हात लावू नका. रंग कुठलाही असो, समोरून पडलेल्या उजेडापैकी २.८ टक्क्यांच्या आसपास त्वचेच्या पृष्ठभागावरूनच परततो, आणि गडद त्वचेवर तो जास्त उठून दिसतो.

दुसरी शंका फोटोंवर. नाकाच्या शेंड्यावर किंवा कपाळावर फ्लॅशची पांढरी चमक आली असेल तर ती टेक्सचरमध्ये गोठते. मग मान वळली तरी ती जागची हलत नाही, वर शेडर आपली दुसरी चमक चढवतो. रिंग फ्लॅशवर लिनियर पोलरायझिंग शीट लावा, लेन्सवर पोलरायझर लावा आणि नाकावरची चमक मालवेपर्यंत तो फिरवा. उजेड निदान दोन स्टॉप (म्हणजे चौथाईवर) पडतो, त्यामुळे फ्लॅशची ताकद वाढवावी लागते. लेन्सचं छिद्र एफ/११ वरून सोडू नका, नाहीतर कान धूसर होतात. उलटसुलट पोलरायझेशनने चमक वेगळी काढायची हीच रीत संशोधक पॉल डेबेव्हेकच्या लाइट स्टेजमध्ये (चेहरा सगळीकडून उजळून टिपणारी दिव्यांची रचना) आणि २००८च्या ‘डिजिटल एमिली’ या डिजिटल चेहऱ्याच्या प्रकल्पात वापरली होती. एका कॅमेऱ्याने फिरून फोटो घ्यायला काही मिनिटं जातात, तेवढा वेळ हसू टिकत नाही. म्हणून या पद्धतीने फक्त शांत चेहरा घ्या. हावभावांसाठी एकाच क्षणी फोटो टिपणारे अनेक कॅमेरे लागतात.

आता डोळे. चेहरा मरतो तो इथे. बुबुळ पांढऱ्या गोळ्यावर रंगवलेलं असेल तर ते काढून टाका. साधारण २४ मिलिमीटरचा गोल, त्यावर पुढे फुगलेला पारदर्शक कॉर्निया (अपवर्तनांक १.३७६) आणि त्याच्या मागे खोलवर बुबुळ, अशी रचना हवी. पांढरा भाग शुभ्र ठेवू नका. वरच्या पापणीची सावली त्यावर पडली पाहिजे. खालच्या पापणीच्या कडेला ओलाव्याची बारीक रेघ वेगळ्या मेशने करा. ती नसली तर डोळा खोबणीत नुसता ठेवल्यासारखा दिसतो. नजर खाली गेली की वरची पापणीही तिच्यासोबत उतरते, हे रिगमध्ये (चेहरा हलवणाऱ्या नियंत्रणांच्या सांगाड्यात) बांधा. पापणी मिटते झटकन, उघडते सावकाश: सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात मिटायला दोन-तीन, उघडायला चार-सहा. आणखी एक बारकावा: माणसाची दृष्टिरेषा डोळ्याच्या मध्यअक्षावर नसते. अक्ष सुमारे ५ अंश बाहेर असतो. दोन्ही गोळे गणिताने नेमके लक्ष्यावर रोखले की पात्र किंचित तिरळं दिसतं.

ओठांचं दुखणं बहुतेक वेळा स्मूदिंग फिल्टरमुळे (टिपलेल्या हालचालीतली थरथर गुळगुळीत करणारा) होतं. प, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात, पण एक-दोन फ्रेमपुरतेच. फिल्टर तेवढंच पुसून टाकतो. त्या फ्रेम हाताने बसवा. ॲपलच्या एआरकिटमधल्या ५२ ब्लेंडशेपमध्ये (चेहऱ्याच्या हालचालींच्या ठरीव आकारांत) जिभेचा आकार एकच, बाहेर काढलेल्या जिभेचा. ट, ड, ळ यांना जीभ टाळूकडे वळते, तो आकार स्वतः शिल्पित करावा लागेल. हसू आणि उघडा जबडा एकत्र आले की ओठांचे कोपरे भलतीकडे ओढले जातात. अशा जोड्यांना दुरुस्तीचे वेगळे शेप द्या.

एकच मॉडेल दोन्हीकडे चालणार नाही, पण मूळ मेश आणि रिग एकच ठेवता येतात. चित्रपटात एका फ्रेमला तासन्‌तास रेंडर परवडतो. ९० हर्ट्झच्या (सेकंदाला ९० फ्रेम) हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी मिळून ११.१ मिलिसेकंद हातात असतात. म्हणून केसांच्या सुट्या बटांऐवजी कार्ड (केसांचं चित्र चढवलेल्या सपाट पट्ट्या) वापरा. उलट एक खर्च मात्र व्हीआरमध्येच वाढवा: डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. दोन डोळ्यांनी हातभर अंतरावरून पाहिलं की नॉर्मल मॅपची (उजेड फसवून उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्राची) खोली खोटी पडते, त्या खऱ्या मेशमध्येच हव्यात.

अभिनेत्रीची लेखी संमती स्कॅनआधीच घ्या: हा चेहरा कुठल्या कामात, किती काळ, आणि नंतर फाइली कोणाकडे राहणार.

नवीन काही विकत घेण्याआधी सगळी टेक्सचर काढून चेहऱ्याला सपाट करडा रंग द्या आणि तोच संवाद वाजवा. करड्यातही ती मेलेली दिसली तर दोष डोळ्यांत, ओठांत किंवा रिगमध्ये आहे. करड्यात जिवंत आणि रंगात मेणाची दिसली, तर माप आणि फोटोंत गोठलेल्या चमकेकडे परत जा.