जुना लॅपटॉप विकला, आता घेणारा पैसे परत मागतोय. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ठाण्यात राहता. चार वर्षं वापरलेला लॅपटॉप ऑनलाइन जाहिरात टाकून २४ हजारांना विकलात. घेणारा घरी आला, पाऊण तास बघितला, यूपीआयने पैसे दिले आणि घेऊन गेला. सहाव्या दिवशी त्याचा मेसेज आला की बॅटरी तासभरही टिकत नाही, स्क्रीनवर मधेच रेघ येते, पूर्ण पैसे परत करा नाहीतर पोलिसांत जातो. तुम्ही विचारताय की पैसे द्यावेच लागतील का, आणि नंबर ब्लॉक करून टाकला तर चालेल का.

नंबर ब्लॉक करू नका. आधी एवढं करा, मग बाकीचं वाचा.

मी कोपरखैरण्याला राहतो. गेल्या आठ-नऊ वर्षांत घरातले जुने फोन, दोन लॅपटॉप, एक कॅमेरा, एक मॉनिटर असं बरंच काही विकलंय आणि तीनदा घेणाऱ्याशी वाद झालाय. मी वकील नाही, पण आतेभाऊ बेलापूरच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो. दुसऱ्या वेळी त्याच्यासमोर बसून सगळं नीट समजून घेतलं. खाली लिहितोय ते त्यातून आणि अनुभवातून.

ब्लॉक का नको, ते सांगतो. समोरच्या माणसाकडे तुमचा नंबर, तुमच्या घराचा पत्ता आणि यूपीआयचा तपशील आहे. तुम्ही गायब झालात की त्याची समजूत पक्की होते की आपण फसलो. मग तो १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून ‘ऑनलाइन फसवणूक झाली’ असं सांगू शकतो. ही हेल्पलाइन चांगल्या कामासाठी आहे, चोरीला गेलेला पैसा पुढे पळण्याआधी अडवण्यासाठी. त्यामुळे तिथे आधी रक्कम अडवतात आणि खरं-खोटं नंतर बघतात. तुमच्या खात्यात तेवढ्या रकमेवर होल्ड लागू शकतो, कधी पूर्ण खातंही गोठतं. पगाराचं खातं असेल तर घराचा हप्ता, शाळेची फी, सगळं लटकतं. तुम्ही निर्दोष असलात तरी ते सोडवताना बँकेत आणि पोलीस स्टेशनात खेपा घालाव्या लागतात. हे टाळायचं असेल तर संवाद चालू ठेवा, आणि तो लेखी ठेवा. फोनवर बोललात तरी मागून मेसेज टाका: ‘आत्ता आपलं असं असं बोलणं झालं.’ जाहिरात अजून काढली नसेल तर तिचे, आणि सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. जाहिरात उडवली की तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आता तुमच्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं. लॅपटॉप डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैशांचा विषय काढू नका. ‘देतो’ही म्हणू नका आणि ‘देणार नाही’ही म्हणू नका. ‘लॅपटॉप घेऊन या, दोघं मिळून बघू’ एवढंच म्हणा.

हे मी का सांगतोय? माझ्याकडून लॅपटॉप घेतलेल्या एकाने दहा दिवसांनी ‘फार स्लो चालतो’ म्हणून तक्रार केली. तो घोडबंदर रोडला राहायचा. म्हणाला, दादा तुम्ही पैसे पाठवा, मी भावाबरोबर लॅपटॉप पाठवून देतो, तो तुम्हाला ठाणे स्टेशनला सॅटिस पुलाच्या खाली भेटेल. मी म्हटलं, तुम्ही स्वतः या, माझ्या घरी या, चहा घेऊ, बघू. तो आला. मी लॅपटॉप चालू केला, सिस्टीमची माहिती उघडली, तर रॅम ८ जीबी. मी विकला तेव्हा १६ जीबी होती. देण्याच्या दिवशी मी तीच स्क्रीन उघडून, त्याच्या हातात लॅपटॉप असताना फोटो काढला होता. तो फोटो दाखवला. तो म्हणाला, मग दुकानवाल्याने काढली असेल. असेलही. त्याने स्वतः काढली असं मी आजही म्हणत नाही, कारण मला ते माहीत नाही. पण स्टेशनच्या गर्दीत पिशवी घेऊन पैसे देऊन मोकळा झालो असतो तर हे कळलंच नसतं. तो लॅपटॉप घेऊन परत गेला आणि पुन्हा त्याचा मेसेज आला नाही.

म्हणून लॅपटॉप समोर आला की आधी उलटा करा आणि मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बिलाशी किंवा खोक्याशी जुळवा. नंतर तोच नंबर सिस्टीममध्येही बघा, कारण मागचं झाकण बदलता येतं. स्क्रू उघडल्याच्या खुणा आहेत का बघा. रॅम आणि डिस्क किती दिसते ते बघा. कोपरे नीट बघा, पडलेला लॅपटॉप कोपऱ्यावरून कळतो.

रेघेचं कारण घरीच बरंचसं शोधता येतं. झाकण हळूहळू पुढे-मागे करा. त्या हालचालीबरोबर रेघ येत-जात असेल तर बहुतेक बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल आहे, आणि ती दुरुस्ती स्क्रीनचं पॅनल बदलण्यापेक्षा बरीच स्वस्त असते. मग एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवरही रेघ दिसली तर दोष ग्राफिक्समध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये. टीव्हीवर स्वच्छ आणि लॅपटॉपवरच रेघ असेल तर पॅनल किंवा केबल. हे दोघांनी एकत्र बघितलं की निम्मं भांडण तिथेच शांत होतं, कारण मग एकमेकांवर आरोप करण्याऐवजी दोघं एका वस्तूकडे बघायला लागतात.

बॅटरीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, एका अटीवर. चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी थकलेली असणार, हे घेणाऱ्यालाही माहीत असायला हवं. ती बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता उतरलेली असते. विंडोजमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड दिली की मूळ क्षमता किती आणि आता किती भरते, हे दोन्ही आकडे समोर येतात. अट अशी की तुम्ही जाहिरातीत किंवा चॅटमध्ये ‘बॅकअप तीन-चार तास’ असं लिहिलेलं नसावं. लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

इथे कायदा येतो. १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट (हेल्पलाइनचाही आकडा १९३०, हा निव्वळ योगायोग) अशा व्यवहारात साधारण हे म्हणतो: तुमच्यासारख्या, त्या वस्तूचा धंदा न करणाऱ्या माणसाने वस्तू विकली तर तिच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरली जात नाही. बघून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. त्यामुळे वापरलेल्या वस्तूत नंतर काहीतरी बिघडलं, एवढ्यावर तुम्ही पैसे परत द्यायला बांधील नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, आणि ती विकण्याचा तुम्हाला हक्क असला पाहिजे. ‘जसा आहे तसा’ एवढंच जाहिरातीत लिहिलं तरी या दोन गोष्टींतून सहसा सुटका होत नाही. शिवाय १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे, माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूक. न विचारल्यामुळे गप्प राहणं आणि रेघ दिसू नये म्हणून तेवढा वेळ झाकण विशिष्ट कोनात धरून ठेवणं, यांत कायदाही फरक करतो आणि मीही करतो.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर खरं द्या. ती रेघ विकण्याआधी एकदा तरी दिसली होती का?

दिसली होती आणि सांगितली नाही, तर दुरुस्तीचा खर्च तुमचा. तो देऊन टाका, किंवा लॅपटॉप परत घ्या. मी हे हवेत बोलत नाही. ऐरोलीच्या एका कॉलेजच्या मुलाला मी लॅपटॉप विकला होता, जाहिरातीत लिहिलं होतं, ‘कीबोर्ड उत्तम.’ माझ्या टेबलावर वेगळा कीबोर्ड जोडलेला असायचा, लॅपटॉपचा स्वतःचा मी कित्येक महिने वापरलाच नव्हता. दोन बटणं चालत नव्हती. मला खरोखर माहीत नव्हतं, पण ‘उत्तम’ हा शब्द माझा होता. नवा कीबोर्ड बसवायचे सोळाशे रुपये मी दिले, पूर्ण. त्याच्या वडिलांनी फोन करून आभार मानले तेव्हा मला बरं वाटण्यापेक्षा लाज वाटली, कारण विकण्याआधी दोन मिनिटं टाइप करून बघितलं असतं तर त्या पोराचा परीक्षेतला एक आठवडा वाया गेला नसता.

रेघ कधीच दिसली नसेल, तर तसं शांतपणे सांगा आणि पूर्ण पैसे परत द्यायला नकार द्या. तरीही, दोष केबलचा निघाला आणि खर्च दीड-दोन हजारांत असेल, तर निम्मा वाटा उचलायची तयारी दाखवा असं मी म्हणेन. कायद्याने तुमच्यावर ते बंधन नाही. पण सहा दिवसांत आलेला दोष आधीपासून सुरू झालेला असण्याची शक्यता असतेच, आणि तो कोणाच्या हातात असताना सुरू झाला हे कोणीच सिद्ध करू शकत नाही.

पोलिसांच्या धमकीने घाबरू नका, पण तिला हलक्यातही घेऊ नका. आता भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पूर्वी लोक ज्याला ‘चारशेवीस’ म्हणायचे ते. त्यासाठी व्यवहार करतानाच तुमचा हेतू खोटा होता हे दिसावं लागतं. वस्तू नंतर बिघडली, एवढ्याने ते लागत नाही. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. तरी पोलीस स्टेशनातून फोन आला तर जा, बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि चॅटच्या छापील प्रती घेऊन जा. त्याने ‘ग्राहक मंचात जातो’ म्हटलं, तर तो मार्ग व्यापाऱ्याविरुद्ध आहे. घरातला एखादा लॅपटॉप विकणारा माणूस व्यापारी होत नाही. मात्र तुम्ही दर महिन्याला फोन-लॅपटॉप घेऊन विकत असाल तर हे उत्तर बदलतं.

आणि उद्या खात्यावर होल्ड लागलाच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस स्टेशनची तक्रार आहे हे लेखी मागा, आणि त्याच पोलीस स्टेशनला पुराव्यांसह अर्ज द्या. फक्त बँकेत वाद घालून ते सुटत नाही.

पैसे परत द्यायचं ठरलंच, तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात द्या. ‘मित्राच्या नंबरवर टाका’ म्हणाला तर नाही म्हणा. मूळ पैसे तिसऱ्याच कोणाचे असतील तर तो तिसरा माणूस उद्या तुमच्या दारात उभा राहील आणि तुम्ही दोनदा द्याल. तो क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करा’ म्हणाला तर करू नका, त्याचं नाव आणि नंबर स्वतः टाइप करून, स्क्रीनवर येणारं नाव बघून पाठवा. पैसे पाठवण्याआधी त्याला लॅपटॉपमधून त्याची सगळी खाती लॉगआउट करायला लावा आणि तुमच्यासमोर रीसेट करायला लावा. फोन असता तर हे आणखी महत्त्वाचं असतं, आयफोन किंवा अँड्रॉइड त्याच्या खात्याला बांधलेला राहिला तर तुमच्या हातात नुसती वीट येते. आणि दोघांच्या सहीचा एक कागद करा. त्यात तारीख, सिरियल नंबर, रक्कम, आणि ‘या रकमेत हा व्यवहार मिटला, यापुढे एकमेकांवर दावा नाही’ एवढं पुरे.

आज रात्री त्याला हा मेसेज पाठवा, हवा तसा बदलून:

‘नमस्कार. तुमची तक्रार वाचली. तुमच्यासमोर तपासला तेव्हा रेघ नव्हती, म्हणून काय झालंय ते मलाही बघायचं आहे. शनिवारी किंवा रविवारी सकाळी चार्जरसकट लॅपटॉप घेऊन घरी या. आपण दोघं मिळून तपासू, गरज पडली तर जवळच्या रिपेअरवाल्याकडे जाऊन खर्चाचा अंदाज घेऊ आणि मग ठरवू.’

‘रेघ नव्हती’ हे शब्द खरे असतील तरच ठेवा. येताना त्याने कोणाला बरोबर आणलं तरी हरकत नाही, तुम्हीही घरातलं कोणीतरी हजर ठेवा. रविवार संध्याकाळपर्यंत तो आला नाही, तर ‘मी दोन्ही दिवस वाट बघितली, तुम्हाला सोयीचा दिवस कळवा’ असा आणखी एक मेसेज टाकून ठेवा, आणि तोही स्क्रीनशॉटमध्ये जपा.