चार दिव्यांसाठी रात्रभर इंजिन नको

प्रश्न : आंबा घाटाजवळ आमच्या शेतावर वीज नाही. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मार्चपासून तिथंच राहतो. पाच केव्हीएचा नवा डिझेल जनरेटर संध्याकाळी सातला सुरू करतो, पहाटे पाचला बंद. चार दिवे, एक पंखा, दोन मोबाईल, एवढंच चालतं. आता पांढरा धूर येतो, सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल गळतं, चालू व्हायलाही त्रास देतो. पावसामुळे जूनपासून तो मागच्या पडवीत ठेवलाय. फिटर म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलावं का?
— एक वाचक, ता. शाहूवाडी

उत्तर : ताई, इंजिनाचं नंतर बघू. आधी तो पडवीतून बाहेर काढा, आजच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला जाग यायच्या आत तो घात करतो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. घरापासून पंचवीस-तीस फुटांवर चौथरा बांधा, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला करा. पत्र वाचताना माझा जीव या पडवीतच अडकला होता.

आता इंजिन. पाच केव्हीए म्हणजे साधारण चार हजार वॅट. तुमचे दिवे-पंखा मिळून दीडशेही होत नाहीत. इतक्या कमी लोडवर इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल पुरतं जळत नाही. उरलेलं काजळीत मिसळून सायलेन्सरमधून गळतं. इंजिन गार झाल्यावर त्या गळतीला बोट लावून बघा. काकवीसारखं चिकट लागेल आणि वास कच्च्या डिझेलचा येईल.

मी एकतीस वर्षं कोल्हापूर भागात इंजिनं दुरुस्त करतोय. गुऱ्हाळावरचं इंजिन दिवसभर चरक ओढतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. गेल्या वर्षी तुमच्यासारखंच रात्रभर रिकामं फिरवलेलं एक इंजिन खोललं. लायनर म्हणजे पिस्टन वरखाली होतो ती नळी. चांगल्या लायनरवर आतून बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते, तिच्यात ऑईल धरून राहतं. इथं जाळी बुजून लायनर आरशासारखा चकचकीत झाला होता. त्यावर पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत, मग ऑईल वर चढतं.

तुमचं लगेच खोलू नका. आधी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, कारण न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरलेलं असणार. मग तीन संध्याकाळी दोन-तीन तास भरपूर लोड द्या : एक एचपीचा पंप, इस्त्री, वॉशिंग मशीन. पंप आधी चालू करा, सुरू होताना तो कितीतरी जास्त करंट ओढतो, बाकीचं मागून. सायलेन्सर आतून पेटल्यासारखा तापेल, जवळ गवताची गंज नको. धूर गेला आणि गळती थांबली, तर फिटरचे पैसे वाचले. ऑईल कमीच होत राहिलं, तर मात्र होनिंग, म्हणजे लायनर घासून ती जाळी पुन्हा पाडणं, आणि नव्या रिंगा.

पण सवय बदलली नाही, तर चार महिन्यांत पुन्हा तेच. इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घ्या. तुमची रात्र एका युनिटच्या आसपास भागते, बॅटऱ्यांवर ती आरामात निघेल. जनरेटर संध्याकाळी अडीच तासच चालवायचा, त्यातच पाणी चढवायचं, कपडे धुवायचे, बॅटऱ्या भरायच्या. रिकामं फिरलं तरी इंजिन तासाला अर्धा लिटरच्या आसपास पितंच, म्हणजे रात्रीला पाच लिटर. या पद्धतीत अडीच-तीन लिटरमध्ये भागेल. पुढंमागं छपरावर सोलर पॅनल आलं, तर हे मशीन पावसाळ्यापुरतंच लागेल.

आणखी एक. कालनिर्णयच्या चौकोनात रोजचे तास लिहा. आजवर तुमचे दहा दिवसांतच शंभर तास भरत होते, त्यामुळे ऑईल कधी बदलायचं हे आठवणीवर सोडता येत नाही. तासांचा आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरा.

प्रश्न : टाकी पूर्ण रिकामी होऊन इंजिन बंद पडलं. डिझेल भरलं, तरी चालू होत नाही.
— एक वाचक, दापोली

उत्तर : डिझेलच्या पाइपात हवा धरलीय. डिझेल फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करा. आधी फेस येईल, मग फेसाशिवाय डिझेल वाहू लागेल, तेव्हा आवळा. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला जाणाऱ्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल मारा. बुडबुडे थांबले की नट घट्ट करा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलट झटका बसला तर मनगट वाचतं. नोझलचा फवारा मात्र हातावर कधीच घेऊ नका. दोनशे बारच्या आसपास दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.