खोल समुद्रातला बोया जागेवर कसा राहतो?

प्रश्न : पावसाच्या अंदाजासाठी बंगालच्या उपसागरात बोये (मोजमापाची तरंगती यंत्रं) सोडतात म्हणे. एवढ्या खोल पाण्यात ते वाहून कसे जात नाहीत? परत कसे काढतात?
– एक वाचक, परभणी

उत्तर : बोया तळाशी टाकलेल्या वजनाला दोराने बांधलेला असतो. आधी बोया पाण्यात सोडतात. मग जहाज सावकाश पुढे जातं, मागून दोर सुटत राहतो आणि ठरलेल्या अंतरांवर तापमान-क्षारतेचे सेन्सर त्याला अडकवतात. वजन सगळ्यात शेवटी, तेही नेमक्या जागेच्या थोडं पुढे जाऊन टाकायचं. बुडताना ताणलेला दोर त्याला मागे ओढतो.

विहिरीत पडलेला पोहरा आपण गळ टाकून काढतो. 3000 मीटरवर ते जमत नाही. म्हणून वजनाच्या वर ध्वनिसंकेताने उघडणारा आकडा लावतात. तो सुटला की वजन खालीच राहतं. दोराला बांधलेले काचेचे पोकळ गोळे तरंगत दोर वर आणतात.

खरी डोकेदुखी शेवाळ आणि शिंपल्यांसारख्या कवचाच्या बार्नेकलची. क्षारतेच्या सेन्सरच्या नळीत ते वाढले की वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; त्यावरूनच क्षारता काढतात) कमी भरते, पाणी आहे त्याहून गोडं दिसतं. त्यामुळे परत आलेला सेन्सर लगेच घासू नये. आधी तसाच तपासायचा, मग धुऊन पुन्हा. दोन मोजमापांतला फरक म्हणजेच त्या घाणीने केलेली चूक.