वरच्या प्रतीखाली दबलेला दगड

फोटोशॉपबद्दलच्या तुमच्या तक्रारी दोन दिसतात, पण दुखणं एकच आहे. नाशिकच्या गोदाघाटाच्या फोटोत नारोशंकर मंदिराचा दगड उजळूनही फरक दिसत नाही, आणि फाइल २ जीबीच्या वर गेल्याने पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची नेहमीची फाइल, सेव्ह होत नाही. कारण प्रत्येक पायरीला तुम्ही कंट्रोल-जे दाबून अख्ख्या फोटोची प्रत काढली आहे. वरची प्रत खालचं सगळं झाकते, मग खाली काहीही करा, ते दिसणार कसं? शिवाय २४ मेगापिक्सेल, १६ बिटचा एक पूर्ण लेयर, म्हणजे थर, सुमारे १४४ एमबी भरतो. पीएसबी या मोठ्या फाइलींसाठीच्या प्रकारात सेव्ह होईल, पण गुंता तसाच राहील.

मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करा, खरंच कमी वेळ लागेल. बॅकग्राउंडला हात लावू नका. त्यावर एक रिकामा लेयर घ्या, नाव द्या ‘डाग’. हीलिंग ब्रशचं सँपल ‘करंट अँड बिलो’ ठेवून तारा, पाण्यातला कचरा त्यावरच पुसा. बाकीचे सगळे लेयर याच्या वर.

दगडासाठी कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि त्यातली रेषा वर ओढून फोटो उजळा. त्या लेयरचा मास्क (पांढरा असेल तिथे परिणाम दिसतो, काळा असेल तिथे लपतो) निवडून कंट्रोल-आय दाबा, तो काळा होईल. मग पांढरा मऊ ब्रश, फ्लो १० ते १५ टक्के, आणि फक्त दगडावर हळूहळू फिरवा. दिव्यांचा केशरी रंग भडक झाला तर या लेयरचा ब्लेंड मोड ‘ल्युमिनॉसिटी’ करा, म्हणजे फक्त उजेड बदलेल, रंग नाही.

शिखराच्या कडेला उजळ पट्टा येतो तिथे बहुतेक जण आकाशात चुका शोधतात. चूक मास्कमध्ये असते. ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक करा, आता फक्त मास्क दिसेल. कळसाच्या बाहेर राखाडी धूर सांडलेला दिसला की तोच तुमचा पट्टा. काळा, जरा कडक ब्रश घेऊन तो बाहेरून पुसत या. कड कापल्यासारखी वाटली तर प्रॉपर्टीजमध्ये फेदर (कडेचा मऊपणा) १ पिक्सेल, जास्त नको.

हे लेयर ग्रुपमध्ये घेतलेत तर ग्रुपचा मोड ‘पास थ्रू’च असू द्या. ‘नॉर्मल’ केला की कर्व्हजचा परिणाम ग्रुपबाहेर पोचत नाही आणि दगड पुन्हा काळाठिक्कर.

शार्पनिंगसाठी मात्र एकत्रित प्रत लागते: सगळ्यात वरचा लेयर निवडून कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-ई. ती अगदी शेवटी, एकदाच. नंतर खाली काही बदललं तर ती उडवून नवी काढा.