माउससोबत आलेलं सॉफ्टवेअर टाकायचं का?

घाई करू नकोस. माउस आणि कीबोर्ड यूएसबीच्या एचआयडी या ठरलेल्या पद्धतीने चालतात, त्यामुळे विंडोज त्यांना स्वतःच ओळखतं. डीपीआय (म्हणजे माउसची संवेदनशीलता, कर्सर किती वेगाने सरकतो ते) किंवा बटणांची कामं बदलायचीच असतील तर आधी माउसला ऑनबोर्ड मेमरी, म्हणजे सेटिंग साठवायची स्वतःची मेमरी, आहे का ते बघ. असेल तर सॉफ्टवेअर टाक, सेटिंग माउसमध्येच सेव्ह कर आणि सॉफ्टवेअर काढून टाक.

सॉफ्टवेअर ठेवलंसच तर टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप, म्हणजे विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी, उघडून बघ. माउस-कीबोर्डमधले नुसते रंगीत दिवे बदलायला पार्श्वभूमीला चार-चार प्रोसेस आणि वर लॉगिनची सक्ती, हे मला अजिबात पटत नाही. माउसचा वेग बदलायला ईमेल कशाला लागावा? दिव्यांसाठी ओपनआरजीबी हे वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरून बघ. ते मोफत आहे, खातंही मागत नाही. फक्त तुझं उपकरण त्यांच्या यादीत आहे ना, हे आधी तपास.

काही मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) नव्याने टाकलेल्या कोऱ्या विंडोजवरही आपलं सॉफ्टवेअर पुढे करतात. ते बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून, येतं; तिथेच तो पर्याय बंद कर.

लॅपटॉपवर मात्र सरसकट सगळं उडवू नकोस. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याचदा कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये असते.